दोन पातेली आणि तांब्याचं काळीज

विराबिला गावच्या हॉलमध्ये त्या दिवशी एवढी गर्दी होती, की भिंतीवरच्या पालींनी आपला मुक्काम बाहेरच्या झाडावर हलवला होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष. कांगारू सावलीसाठी विजेच्या खांबामागे रांग लावून उभे राहायचे, आणि मागचा पुढच्याला ढकलायचा. अशा दिवसांत कुणी म्हणालं, ‘मी पाणी देतो,’ की माणसं खुर्च्या उचलून धावणारच.

देणाऱ्याचं नाव डेस्मंड क्विल्टर. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, दात टोपीहून पांढरे. टेबलावर काचेची दोन भांडी, एकात गॅसच्या विहिरींतून उपसलेलं खारं पाणी, दुसरं रिकामं, आणि मधोमध त्याचं यंत्र. तांब्याची नळी गोगलगायीसारखी वळवलेली, तिच्या पोटात पितळेची डबी. त्या डबीला तो ‘काळीज’ म्हणायचा.

“मित्रांनो,” क्विल्टर हात पसरून म्हणाला, “हे पाणी वाईट नाही. हे पाणी दुःखी आहे!”

पहिल्या रांगेतल्या दोघी बायकांनी ‘अरेरे’ केलं.

“हजारो वर्षं कोळशाच्या काळोखात कोंडलेलं. एक दिवस गॅसवाले येतात, भोक पाडतात, त्याला खस्सकन वर ओढतात. कुणी त्याला विचारलं, बाबा रे, कसा आहेस? नाही! म्हणून ते रागावलं. खार म्हणजे दुसरं काय? पाण्याचा राग!”

मागच्या रांगेत नोला बसली होती. वय चौऱ्याहत्तर, मांडीवर पर्स, पर्समध्ये केक तपासायची लांब सुई. एकतीस वर्षं ती तालुक्याच्या मेळाव्यात केकची परीक्षक होती. वरून सोनेरी आणि आतून कच्चे असे केक तिनं शेकड्यांनी नापास केले होते. शिवाय ती तालुक्यातली पट्टीची थापाडी. दारूच्या गुत्त्यात दरवर्षी थापांची स्पर्धा व्हायची, आणि ढाल सलग सहा वर्षं नोलाच्या कपाटावर. त्यामुळे क्विल्टरचं बोलणं ती भक्तासारखी ऐकत नव्हती, धंद्यातल्या माणसासारखी ऐकत होती. ‘पाण्याचा राग,’ ती मनात म्हणाली, ‘हे छान जमलंय. मला का नाही सुचलं?’

क्विल्टरनं गॅसवाल्यांच्या तळ्यातलं पाणी पहिल्या भांड्यातून यंत्रात ओतलं. नळीतून ते गोल गोल फिरलं, काळजातून गेलं आणि खालच्या काचेच्या भांड्यात पडलं. पडता पडता फसफसलं. बारीक बारीक बुडबुडे सरसर वर आले.

“बघा! खार चालला! राग चालला!”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पेले फिरले. एरवी त्या पाण्याला साबण चाटल्यासारखी चव. त्यात शिजवलेले वाटाणे पिठूळ व्हायचे, चहाबरोबर खायचे छोटे पाव, स्कोन, पिवळे पडायचे. आताची चव चुरचुरीत, आंबूस, चक्क छान.

मग टेबलाखालून आला लाकडी टब. त्यात गुडघाभर लसूणघास, हिरवीगार. तीन वर्षांत एवढा हिरवा रंग गावानं फक्त ट्रॅक्टरवर पाहिला होता. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, जणू समोरून कुणाची अंत्ययात्रा चालली होती.

“याच पाण्यावर वाढवलीय,” क्विल्टर हळूच म्हणाला. “तुमच्याच काळ्या मातीत. आणि माझ्यावर विश्वास नको. तुमच्यातलाच माणूस सांगेल. अर्विन, दोस्ता, उभा राहा.”

अर्विन लोबेगर उभा राहिला. नोलाच्या घरापासून दोन मैलांवरचा शेतकरी, कमी बोलणारा. सहा आठवड्यांपूर्वी यंत्र सगळ्यात आधी त्यानंच बसवलेलं.

“चाललंय,” अर्विन म्हणाला. “ठीक चाललंय.” आणि खाली बसला.

अर्विन ‘ठीक’ म्हणाला म्हणजे इतरांनी ‘सोनं’ म्हटल्यासारखं. तिथंच सगळा हॉल क्विल्टरच्या खिशात गेला.

पेला नोलाकडे आला. तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला. ही चव ओळखीची होती. शाळेच्या जत्रेसाठी ती दरवर्षी पोरांना पुड्या करून द्यायची. लिंबूसत्त्व, खायचा सोडा आणि साखर, जिभेवर टाकली की फसफसते.

“अहो, ही तर माझी जत्रेची पूड!” ती मोठ्यानं म्हणाली. “साखर तेवढी घालायची राहिलीय!”

हॉल खदखदून हसला.

“झालं, नोला सुरू झाली!”

“नोला, तुझ्या थापेतला तो शाळेच्या बसनं जाणारा मासा काय म्हणतो गं?”

“पास झाला की नाही?”

क्विल्टरही हसला. “बाईसाहेब, तुमच्यासारखी खेळकर माणसं हवीतच. पाण्याला हसू आवडतं.”

नोला खाली बसली. लोक हसले आणि तिला बरं वाटलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

घरी जाताना गाडी तिची मुलगी मेरिन चालवत होती. मेरिनचा नवरा तिला सोडून गेल्यापासून शेत तीच बघायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅसच्या विहिरी, कुंपणातल्या, हिरव्या रंगवलेल्या. गॅस जमिनीखालच्या कोळशात अडकलेला असतो आणि वर पाण्याचं दडपण. पाणी उपसलं की गॅस सुटतो. गॅस नळानं लांब शहरात जातो, पाणी मागे उरतं. तळी भरतात, आणि भरलेली तळी पाहून तहानलेल्या माणसाला वेड लागायची पाळी येते.

“मी सही केलीय,” मेरिन समोर बघत म्हणाली.

“कशावर?”

“शनिवारी तळ्याच्या पाण्याची झडप उघडायची. पुढच्या शेतावर. गॅसवाले पाणी फुकट देतायत. त्यांची तळी तुडुंब आहेत, त्यांना ते कुणी न्यायलाच हवंय. यंत्रासाठी मी वासरं विकली.”

“सगळी?”

“सगळी.”

पुढचं शेत म्हणजे नोलाच्या सासऱ्यानं मोडलेलं पहिलं रान. काळी, चिकण माती. उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात हात कोपरापर्यंत जातो, आणि पाऊस झाला की स्वतःहून मिटतात. घरात एवढंच काय ते शिल्लक होतं.

“मेरिन, ते पाणी सोड्याचं आहे. सोडा मातीत गेला ना, की माती चोपण होते. मिटते ती परत उघडत नाही. तो बुडबुडा—”

“आई, पुरे!” मेरिननं गाडी कडेला घेतली. “लहानपणापासून ऐकतेय मी. आजोबांच्या मेंढीनं टपाल वाटलं, बाबांच्या बुटात पोपटानं संसार थाटला. मी खरं मानायचे, आणि शाळेत पोरं हसायची. आता मला ज्वारी पेरायचीय. अर्विन म्हणतोय ठीक आहे. मी तुझं ऐकू की अर्विनचं?”

उत्तर नोलालाही माहीत होतं. थापांची ढाल असलेल्या बाईचं कोण ऐकेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी अर्विनकडे गेली. तो फाटकातच आडवा झाला.

“ये ना, चहा घेऊ,” तो म्हणाला. “घरात.”

“आधी शेत बघू.”

“शेतात काय बघायचंय? शेत आहे.”

“अर्विन, मी केक बघते तेव्हा केकखालची कागदाची नक्षी बघत नाही.”

तो बाजूला झाला.

शेत चमकत होतं. लांबून वाटावं ओलं आहे. जवळ गेल्यावर कळलं, ती साय होती. मातीवर राखी, गुळगुळीत, ताटलीसारखी टणक साय. आदल्या दिवशी दिलेलं पाणी वरच साचलेलं, एक थेंब खाली मुरेना. ज्वारी पिवळी, वीतभर, माना टाकलेली. नोलानं काठी आपटली. ठण्ण आवाज आला. तिनं पर्समधून केकची सुई काढली, टेकवली, जोर लावला. सुई वाकली.

“क्विल्टर म्हणतो, मातीला सवय व्हायला वेळ लागतो,” अर्विन म्हणाला. “म्हणतो, आधी बिघडल्यासारखी दिसते. मग सुधारते.”

“आणि तू काय म्हणतोस?”

अर्विन पायानं ढेकूळ फोडायला बघत होता. ते फुटत नव्हतं.

“मग हॉलमध्ये उभा राहून ‘ठीक’ का म्हणालास रे?”

“सगळ्यांसमोर विचारलं त्यानं.” अर्विनचा आवाज अगदी खाली गेला. “चाळीस वर्षं या गावात कुणापुढे रड गायलो नाही. दुष्काळात नाही, माझी बायको गेली तेव्हा नाही. कुणी विचारलं कसं काय, तर मी ठीकच म्हणतो. तूही तेच म्हणतेस. आपण सगळेच म्हणतो.”

नोलाला आता उमगलं. क्विल्टरनं त्यांच्या पाण्यापेक्षा त्यांचा हा स्वभाव नीट जोखला होता. या भागात माणूस बुडताना विचारलं तरी ‘ठीक आहे’ म्हणेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“पाना आण,” ती म्हणाली.

दोघांनी पंपाजवळचं यंत्र खोललं. पितळेच्या काळजात एक मलमलची पिशवी होती, रिकामी, चोथा झालेली. नोलानं तिला जीभ लावली. अजून जराशी आंबट होती.

“लिंबूसत्त्व पहिल्याच तासात विरघळून गेलं असणार,” ती म्हणाली. “पुढचे सहा आठवडे तू नुसतं सोड्याचं पाणी सोडत होतास. तांब्यातून फिरवून.”

अर्विन कुंपणाला टेकून खाली बसला.

“शनिवारी मेरिनकडे येशील?”

“नोला, मला बोलायला लावू नकोस.”

“नाही लावणार. नुसता ये. ताटली घेऊन.”

इकडे कुठेही चार माणसं जमली की बायका ताटलीत काहीतरी भाजून आणतात, मग लग्न असो की झडप उघडणं असो. शनिवारी सकाळी मेरिनच्या फाटकाशी टेबलं लागली, स्कोन आले, जॅम आला, माश्या आल्या. गॅसवाल्यांचा एक माणूस कडक टोपी घालून गाडीतच बसून होता. क्विल्टरनं यंत्र पाइपाला जोडून त्यावर लाल फीत बांधली होती. शेजारी तो हिरवा टब. मेरिननं धुतलेला शर्ट घातला होता आणि हात सारखे पँटला पुसत होती.

नोलानं कोपऱ्यात तिचा छोटा गॅसचा स्टोव्ह मांडला. दोन शेगड्या, दोन रुंद पातेली.

“काय करतेस आई?” मेरिननं संशयानं विचारलं.

“चहा ठेवते. मिस्टर क्विल्टर, तुमचं गोड झालेलं पाणी द्या बरं दोन पेले. चांगल्या पाण्याचा चहा करू दे.”

क्विल्टर खूश. त्यानं सगळ्यांदेखत भांडं यंत्रात ओतलं, बुडबुडे काढले, पाणी दिलं. तोपर्यंत दुसऱ्या पातेल्यात नोलानं तळ्याचं तसंच पाणी दोन पेले ओतलं. दोन्हीखाली जाळ मोठा केला.

“आता चहा होईपर्यंत,” नोला पुढे येऊन म्हणाली, “एक गोष्ट सांगू का?”

लोक हसले. “सांग, सांग!” क्विल्टरही हात बांधून उभा राहिला. गर्दी खूश असणं त्याला हवंच होतं.

“माझ्या मामाची पवनचक्की होती. अशाच एका दुष्काळात मामा म्हणाला, अजून खोल नळी घाल. घातली. आलं नाही पाणी. अजून खोल. अजून खोल. शेवटी चक्कीनं असा जोर लावला, की आधी वर आला एक मोजा. ओला. मग आली आंघोळीची बादली. आणि मग, बाई गं, आला एक अख्खा माणूस! पंचा गुंडाळलेला, तोंडाला टूथब्रशचा फेस. मामाला म्हणतो, ‘काय हो, पृथ्वीच्या त्या बाजूला मी तोंड धूत होतो. माझं पाणी कोण ओढतंय?’”

हशा पिकला. नोलानं त्या माणसाला नाश्ता दिला, त्याचं मामीशी भांडण लावलं, त्याला परत त्याच नळीतून पाठवताना त्याची ढेरी अडकवली. ढेरीला लोणी लावेपर्यंत वीस मिनिटं झाली. मागे पातेली आधी उकळत होती, मग तडतडत होती, मग गप्प झाली.

“नोला, तुझा चहा जळला!” कुणीतरी ओरडलं.

“जळू दे. गोष्ट संपली.” तिनं फडक्यानं दोन्ही पातेली उचलून टेबलावर ठेवली. “थाप होती ती, सगळ्यांना माहीत आहे. आता थाप नाही. या, बघा.”

लोक वाकले. दोन्ही पातेल्यांच्या तळाशी पांढरी खरपुडी. एकीकडे जेवढी, तेवढीच दुसरीकडे. यंत्राच्या पाण्याची कडेला जराशी पिवळट करपलेली, एवढाच फरक.

“हे तळ्याचं. आणि हे काळजातून आलेलं, राग गेलेलं. खार गेला होता ना? मग हा कोण बसलाय तळाशी?”

लोक एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात बघायला लागले.

“बाईसाहेब,” क्विल्टरनं टोपी मागे सारली, “तुम्ही त्याला जाळलंत! हा मेलेला खार आहे. जिवंत खार बुडबुड्यांबरोबर उडाला. मातीला त्रास जिवंत खाराचा होतो.”

“असं होय? आणि हा बुडबुडा?” नोलानं पर्समधून पुडी काढली, तळ्याच्या कच्च्या पाण्यानं पेला भरला आणि चमचाभर लिंबूसत्त्व टाकलं. फस्स. “सोड्यात आंबट पडलं की एवढंच होतं. हवा उडते, मातीला मारणारं मीठ पाण्यातच राहतं. तुझ्या काळजात पिशवी आहे. उघडून दाखव, नाही तर मी दाखवते. अर्विनचं मी उघडलंय.”

“आणि ही लसूणघास? ही पण थाप?” क्विल्टर आता ओरडला. “याच काळ्या मातीत उगवलीय ही!”

नोलानं केकची सुई काढली. वाकलेली तिनं ठोकून सरळ केली होती. टबात घातली. सुई सर्रकन बुडापर्यंत गेली. काळ्या मातीत ती अशी जात नाही, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. तिनं ती तिरकी फिरवून वर उकरली. वर बोटभर काळी माती, खाली नदीची पिवळी वाळू.

“वरून चॉकलेट, आतून नुसता रवा,” ती म्हणाली. “नापास. वाळूत चिकणमातीच नाही, ती चोपण कशी होणार? आणि तो हिरवा रंग पावसाच्या टाकीतल्या पाण्याचा असणार, पैज लाव.”

तरी लोक गोंधळलेलेच. कुणी टबाकडे बघत होतं, कुणी क्विल्टरकडे. आणि क्विल्टरनं शेवटचं पान टाकलं. “तुम्ही एका थापाड्या बाईचं ऐकणार? की तुमच्या अर्विनचं? अर्विन, दोस्ता! कसं चाललंय शेत?”

अर्विन स्कोनची ताटली धरून उभा होता. नोलानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं शब्द दिला होता.

“ठीक,” अर्विन म्हणाला. सवयीनंच तोंडातून निघालं. मग त्यानं ताटली खाली ठेवली. “नाही. ठीक नाही. मेलंय शेत. काठी मारली तर वाजतंय. मी हॉलमध्ये खोटं बोललो. मेरिन, पोरी, झडपेला हात लावू नकोस.”

सगळ्यांना ऐकू गेलं. त्या गावात त्याआधी कुणी असं बोललेलं नव्हतं. मागून एक जण म्हणाला, “मीही पैसे दिलेत त्याला.” मग दुसरा. मग एक बाई, आणि ती रडत होती.

क्विल्टरनं टब तिथंच टाकला. त्याची गाडी इतक्या वेगात गेली, की धूळ दुपारपर्यंत खाली बसली नाही, आणि एवढं मात्र वाढवून सांगितलेलं नाही. दोन शेतकऱ्यांनी नंबर लिहून घेतला आणि पोलिसात दिला. वासरं काही परत आली नाहीत.

मेरिन झडपेजवळ बसून राहिली. गॅसवाल्यांचा टोपीवाला माणूस खाली उतरून विचारायला आला, “मग पाणी घेणार की नाही? तळी भरलीत आमची.”

“गाळून द्या,” मेरिन म्हणाली. “मीठ काढायचा कारखाना बसवा, मग पाणी द्या. आणि आधी माझी माती तपासून द्या, कागदावर.”

“त्याला वेळ लागेल.”

“लागू दे. माती एकदाच मिळालीय.”

तो गाडीत जाऊन बसला. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. खरं कळलं म्हणून पाऊस येत नाही. त्या वर्षीही आला नाही.

अर्विन नोलाजवळ आला. “सोडा उतरवायला जिप्सम टाकलं तर? खोल नांगरलं तर? माझी माती कधी सुधरेल?”

नोला कुठलाही आकडा दहापटीनं फुगवणारी. तिचा मासा दर वर्षी हातभर वाढायचा. आज मात्र तिनं आकडा फुगवला नाही.

“जिप्सम टाकायचंच. पण वर्षं लागतील अर्विन. दहा. कदाचित सगळी सुधरणारही नाही.”

त्यानं मान हलवली. ‘ठीक’ म्हणाला नाही.

लोक पांगायला लागले तेव्हा नोलानं एका खुर्चीवर चढून चमचा पातेल्यावर वाजवला.

“ऐका गं, ऐका रे. मी थापाडी आहे. उद्या पुन्हा थाप मारीन, ढाल मला सोडायची नाहीये. म्हणून माझं ऐकू नका. त्या क्विल्टरचं ऐकलंत, कारण तो गोड बोलला. अर्विनचं ऐकलंत, कारण तो आपला. माझं ऐकलं नाहीत, कारण मी हसवते. तिन्ही वेळा माणूस बघितलात, पाणी कुणीच बघितलं नाही. घरी पातेलं सगळ्यांकडे आहे ना? पुढच्या वेळी कुणी चमत्कार घेऊन आला, की पातेलं चुलीवर ठेवा आणि तळाशी काय उरतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि कुणी विचारलं कसं चाललंय, तर खरं सांगा. आपण ‘ठीक, ठीक’ म्हणत राहिलो, तेवढ्यावर तर त्याचं दुकान चाललं.”

ती दोन पातेली आता हॉलच्या फळीवर आहेत, तालुक्याच्या चषकांच्या रांगेत. तळाची पांढरी खरपुडी तशीच आहे. नवीन कुणी बाई ती घासायला घेते, तेव्हा अर्विन आधी उठतो आणि तिच्या हातातून काढून घेतो.